पॉवर व टफनेस (मॅजिक : द गॅदरिंग)

मॅजिक : द गॅदरिंग या कार्डांच्या खेळात क्रीचर या वर्गातील कार्डाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात छापलेल्या, तिरप्या रेघेने विभागलेल्या दोन आकड्यांना पॉवर व टफनेस म्हणतात. रेघेपूर्वीचा आकडा पॉवरचा, म्हणजे ते क्रीचर लढाईत किती डॅमेज (इजा) देते याचा. रेघेनंतरचा टफनेसचा, म्हणजे किती डॅमेज झाल्यावर ते नष्ट होते याचा. क्रीचर हा शब्द येथे बराच व्यापक आहे. अस्वले आणि ड्रॅगन यांच्याप्रमाणेच शिपाई, देवदूत, यंत्रे आणि चक्क भिंतीही त्यात मोडतात. ‘वॉल ऑफ स्टोन’ या भिंतीचे आकडे ०/८ आहेत. ‘ग्रिझली बेअर्स’ या दोन माना (कार्ड खेळण्यासाठी खर्चावयाची शक्ती) किमतीच्या २/२ कार्डावरून तेवढ्याच किमतीच्या कोणत्याही २/२ क्रीचरला खेळाडू ‘बेअर’ म्हणतात.

रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेला हा खेळ विझर्ड्स ऑफ द कोस्ट या अमेरिकी कंपनीने १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. जोडआकड्यांच्या या पद्धतीचे मूळ दोन ठिकाणी दाखविता येते. एक, डंजन्स अँड ड्रॅगन्स (१९७४) या भूमिकाखेळातील हिट पॉइंट्स, दुसरे, पटावरील युद्धखेळांतील सोंगट्या, ज्यांवर तुकडीचे आक्रमण व बचाव यांचे आकडे शेजारीशेजारी छापलेले असत (उदा., पँझरब्लिट्झ, १९७०). साम्य पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. कारण हिट पॉइंट्स हा घावागणिक खर्च होत जाणारा साठा आहे, तर टफनेस साठा नसून उंबरठा आहे. गारफिल्ड यांनी स्वतः कॉस्मिक एन्काउंटर (१९७७) या खेळाचे ऋण मान्य केले आहे. मात्र ते मूळ नियम मोडणाऱ्या विशेष शक्तींच्या कल्पनेपुरते मानावे, आकड्यांशी त्याचा संबंध जोडणे ओढूनताणून होईल.

उंबरठा म्हणण्याचे कारण असे, की डॅमेजमुळे टफनेसचा आकडा कमी होत नाही. डॅमेज क्रीचरवर नुसते नोंदले जाते, आणि खेळीच्या अखेरच्या आवराआवरीच्या टप्प्यात पुसले जाते. त्यामुळे ४/४ क्रीचरला एका खेळीत तीन व पुढच्या खेळीत पुन्हा तीन डॅमेज झाले, तरी ते जिवंत राहते. ‘जायंट ग्रोथ’ या कार्डाने +३/+३ मिळून ५/५ झालेल्या बेअरवर चार डॅमेज असेल, तरीही तो वाचतो, कारण ‘खेळी संपेपर्यंत’चे परिणाम आणि नोंदलेले डॅमेज ही दोन्ही एकाच क्षणी नाहीशी होतात. विदर (२००८) व इन्फेक्ट (२०१०) या गुणधर्मांनी याला अपवाद केला : अशा क्रीचरने दुसऱ्या क्रीचरला दिलेले डॅमेज −१/−१ काउंटरांच्या (कार्डावर ठेवायच्या खुणांच्या) रूपाने त्याच्यावर कायम राहते.

नोंदलेले डॅमेज टफनेसइतके किंवा अधिक झाल्यास क्रीचर ‘नष्ट’ होते. टफनेस शून्य किंवा त्याखाली गेल्यास मात्र ते नष्ट न होता थेट मालकाच्या ग्रेव्हयार्डमध्ये (वापरून झालेल्या व मेलेल्या कार्डांच्या ढिगात) ठेवले जाते. परिणाम एकच दिसत असला, तरी हा शब्दच्छल नव्हे : इनडिस्ट्रक्टिबल (नष्ट न होणारे) क्रीचर पहिल्या नियमातून सुटते, दुसऱ्यातून सुटत नाही. शिवाय ही तपासणी कार्डाचा परिणाम पूर्ण झाल्यानंतरच होते. टारमोगॉइफ (२००७) या क्रीचरची पॉवर सर्व ग्रेव्हयार्डांतील कार्डांच्या प्रकारांइतकी आणि टफनेस त्याहून एकने अधिक असते. तेथे लँड व सॉर्सरी हे दोनच प्रकार असतील, तर त्याचे आकडे २/३ होतात. त्यावर तीन डॅमेजचा ‘लाइटनिंग बोल्ट’ टाकल्यास इन्स्टंट या तिसऱ्या प्रकारचे ते कार्ड तपासणीपूर्वीच ग्रेव्हयार्डमध्ये पोहोचतो, टारमोगॉइफ ३/४ होतो आणि वाचतो.

आकडे बदलणाऱ्या परिणामांचा क्रम वेळेवर अवलंबून नसतो. आधी आकडा ठरवून देणारे परिणाम, मग त्यात वाढ-घट करणारे, शेवटी पॉवर-टफनेसची अदलाबदल करणारे लागू होतात. म्हणून आधी +३/+३ मिळालेल्या क्रीचरचे मूळ आकडे नंतर १/१ केले, तरी ते ४/४ होते. पॉवर शून्याखाली जाऊ शकते. असे क्रीचर डॅमेज देत नाही, पण पुढील वाढ त्या ऋण आकड्यापासूनच मोजली जाते.

लढाईतील डॅमेजचे नियम मात्र वारंवार बदलले आहेत. १९९९ मधील सहाव्या आवृत्तीच्या नियमांनी डॅमेजही मंत्रांप्रमाणे ‘स्टॅक’वर (अंमलात येण्याची वाट पाहणाऱ्या परिणामांच्या रांगेत) ठेवले जाऊ लागले आणि ते प्रत्यक्ष लागण्यापूर्वी खेळाडूंना हालचालीस वाव मिळाला. मॉग फॅनॅटिक हे १/१ क्रीचर आपले एक डॅमेज स्टॅकवर ठेवून मग स्वतःचा बळी देई व आणखी एक डॅमेज करी. अशा रीतीने ते २/२ क्रीचरलाही मारू शके. हे गणितात चोख असले, तरी मेलेले क्रीचर घाव कसा घालते हे नवख्यास पटवून देणे अवघडच होते. २००९ मध्ये ही पद्धत रद्द झाली. त्याच वेळी अनेक क्रीचर एका आक्रमकास अडवीत असतील, तर आक्रमकाने त्यांचा क्रम लावावा आणि पहिल्यास प्राणघातक डॅमेज दिल्यावरच दुसऱ्याकडे वळावे, असे ठरले. हा क्रमही २०२४ मध्ये फाउंडेशन्स संचाबरोबर काढून टाकण्यात आला. आता आक्रमक आपले डॅमेज अडविणाऱ्यांमध्ये हवे तसे वाटतो. ट्रॅम्पल हा गुणधर्म असलेल्या क्रीचरला मात्र उरलेले डॅमेज प्रतिस्पर्ध्यावर टाकण्यापूर्वी अडविणाऱ्या प्रत्येकाला प्राणघातक डॅमेज नेमून द्यावे लागते.

काही कार्डे या दोन आकड्यांचे कामच बदलतात. डोरन, द सीज टॉवर (२००७) हे ०/५ क्रीचर पटावर असेतोवर सर्व क्रीचर पॉवरऐवजी टफनेसइतके लढाईतील डॅमेज देतात, आणि अशा डावात दगडी भिंतीशेजारी उभा असलेला बेअर दोनच देतो, भिंत आठ देते.