पुढच्या युनिटला किती खर्च?

वीज जेव्हा लागते तेव्हाच तयार करावी लागते, हे बंधन वीजधंद्याला जन्मापासूनचे. तरी 1882 मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसनचे केंद्र सुरू झाले, तेव्हा वीज बनवणाऱ्या कोणत्या संचाने मागणीचा किती भार उचलायचा हा प्रश्न सोपा होता. केंद्रे तारांनी एकमेकांना जोडली गेली आणि पेच वाढला. 1927 मध्ये पेनसिल्व्हेनिया-न्यू जर्सी भागातल्या वीज कंपन्यांनी एकत्र जाळे उभारले. आता दूरचे स्वस्त केंद्र वापरायचे की जवळचे महाग, हे रोजच ठरवावे लागणार होते.

सर्वांत कार्यक्षम संच आधी पूर्ण भारावर न्यायचा आणि मग पुढच्याला हात घालायचा, हा जुना रिवाज. दिसायला चोख, पण फसवा. समजा, पहिल्या संचावर पुढचा मेगावॅट-तास काढायला 40 खर्च येतो आणि दुसऱ्यावर 30. सरासरीने पहिला स्वस्त असला तरी एक मेगावॅट दुसऱ्याकडे सरकवला की तासाला साधारण 10 वाचतात. ही सरकवासरकव दोन्हीकडचा वाढीव खर्च सारखा होईपर्यंत करत राहायची. 1930 च्या दशकात हा नियम रुजला. नियंत्रण कक्षातली माणसे तो खास बनवलेल्या स्लाइड रूलवर, म्हणजे हिशेबाच्या सरकत्या पट्टीवर, सोडवत.

मग तारांमधली गळती आडवी आली. दूरच्या स्वस्त युनिटमधला काही भाग वाटेतच जातो. गॅब्रिएल क्रॉन, लिऑन किर्चमेयर या अभियंत्यांनी 1950 च्या दशकात ही हानी हिशेबात बसवली. 1962 मध्ये फ्रान्सच्या कार्पाँतिए यांनी खर्च, व्होल्टेज आणि संचांच्या मर्यादा एकाच गणितात मांडल्या. सोडवायला ते इतके जड की संगणकांना पुढे बराच काळ धाप लागत राहिली.

9 नोव्हेंबर 1965 ला अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि ओंटारिओत सुमारे 3 कोटी लोक अंधारात गेले. एक रिले, म्हणजे तारेचे रक्षण करणारी स्वयंचलित कळ, सुटला आणि भार उरलेल्या तारांवर कोसळला. एखादी तार गेली तरी बाकीचे टिकले पाहिजे, ही अट त्यानंतर खर्चाच्या गणितालाही जास्त कडकपणे लागू झाली. काटकसर थोडी महाग झाली, आणि ते योग्यच होते.

नवी क्षमता कधी, कुठे उभारायची या नियोजनाची बाजू फ्रान्समध्ये आधीच सुरू झाली होती. अर्थतज्ज्ञ मार्सेल ब्वातो यांनी 1949 मध्ये दाखवले की नव्या क्षमतेचा खर्च ऐन मागणीच्या वेळच्या ग्राहकाने सोसायचा. पुढे 1998 मध्ये पीजेएमने, म्हणजे 1927 च्या त्याच जाळ्यातून वाढलेल्या संस्थेने, ठिकाणागणिक दर लावले. तार क्षमतेइतकी भरून कोंडली की तिच्या दोन टोकांचे भाव वेगळे होतात, आणि वर्षभर तोच फरक दिसला तर नवी तार कुठे टाकायची याचा पहिला सुगावा तिथेच लागतो.