भिंतीला हात लावून ऐकलेली टिंपनी

स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनशायरची एलन अकॅडमी ही चारचौघांसारखीच एक शाळा. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे एक बारा वर्षांची मुलगी तालवाद्य शिकायला आली. आठव्या वर्षापासून तिची श्रवणशक्ती उतरत गेली होती आणि एव्हाना ती जवळजवळ संपली होती. मुलीचं नाव एव्हलिन ग्लेनी. शिकवणाऱ्या सरांचं नाव रॉन फोर्ब्झ.

ग्लेनीनं पुढे आपल्या भाषणांतून पहिल्या धड्याची हकीकत सांगितली आहे. ती काठ्या घेऊन तयारीत आली होती. पाय कसे ठेवायचे, कोपर कुठे हवं, मनगट कसं सैल सोडायचं, हे आता सांगतील अशी तिची अपेक्षा. सरांनी तिच्या हाती एक स्नेअर ड्रम, म्हणजे खाली तारा ताणलेला बसका ढोल, दिला आणि सांगितलं, हा सात दिवस घरी ने, पुढच्या आठवड्यात भेटू. काठ्या मात्र वापरायच्या नाहीत. मग ती मुलगी काय करणार? ड्रम उलटा करून पाहा, कातड्यावरून बोटं फिरव, खालच्या तारांना हात लाव, स्क्रू फिरवून बघ, खोडावर टिचकी मार. आठवड्याभरात वाद्याचा कोपरान् कोपरा तिच्या हाताखालून गेला. हातात वाद्य देण्याआधी बोल पाठ करून घेणारी आपली पद्धत मला मनापासून आवडते, तिची ताकद मोठी आहे. पण ज्या मुलीच्या कानापर्यंत बोलच पोचत नाही तिच्यासाठी दार दुसरीकडून उघडावं लागतं. फोर्ब्झ सरांना ते सापडलं होतं.

त्यानंतरचा टप्पा विज्ञानाच्या दृष्टीनं फार मोलाचा आहे. ग्लेनी संगीताच्या वर्गात भिंतीला दोन्ही तळहात टेकवून उभी राहायची आणि सर टिंपनी वाजवायचे. टिंपनी म्हणजे तांब्याच्या मोठ्या कढईवर ताणलेलं कातडं, आपल्या नगाऱ्याचं युरोपातलं भावंड. हा स्वर तुला अंगात कुठे जाणवतो, याचा शोध दोघं घेत राहिले. हळूहळू नकाशा तयार झाला: खर्जातले स्वर मुख्यतः पाय आणि पावलांत, वरचे स्वर चेहरा, मान, छाती यांवरच्या ठरावीक जागी. श्रवण जाण्याआधी तिला कुठलाही स्वर आधाराशिवाय ओळखता येत असे. ती जुनी स्वरस्मृती आणि अंगावरची नवी जागा यांची सांगड घालून तिला स्वराचा साधारण अंदाज येऊ लागला. ‘साधारण’ हा शब्द तिचाच आहे आणि तो महत्त्वाचा आहे.

यात चमत्कार काहीच नाही. ध्वनी म्हणजे मुळात कंपन. हवेतून आलं तर कान टिपतो, लाकडातून किंवा भिंतीतून आलं तर हाडं आणि त्वचा. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशा पथकाच्या अगदी जवळ उभं राहिल्यावर ढोलाचा ठोका छातीत बसतो आणि ताशाची तडतड फक्त कानात राहते, हा अनुभव आपल्याकडे कोणाला नाही? ढोलाचा स्वर खाली, ताशाचा वर. त्वचेला खालचं कळतं, वरचं निसटतं.

त्वचेत खोलवर पॅसिनियन कणिका नावाच्या कंपन टिपणाऱ्या सूक्ष्म रचना असतात. त्या साधारण ४० ते १००० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४० ते १००० वेळा होणाऱ्या, कंपनांना प्रतिसाद देतात आणि २५० हर्ट्झच्या आसपास सर्वाधिक तल्लख असतात. निरोगी तरुण कानाचा पल्ला २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंत. म्हणजे त्वचेच्या वाट्याला त्यातली खालची पट्टीच येते. टिंपनीचे मूळ स्वर मात्र जवळजवळ सगळेच या पट्टीत बसतात, शिवाय तिच्या कंपनात जोर इतका की खोलीच्या भिंती हलतात. सरांनी वाद्य अचूक निवडलं होतं.

टिंपनीच्या बाजूनं आणखी एक गोष्ट होती. बहुतेक ढोलांना निश्चित स्वर नसतो, कारण गोल पडद्याची उपस्पंदनं, म्हणजे मूळ स्वरासोबत उठणारी वरची कंपनं, मूळ स्वराच्या पूर्ण पटीत येत नाहीत. टिंपनीत कढईतली आणि आजूबाजूची हवा त्यातली काही स्पंदनं ओढून सुरेल नात्यात आणते. आपल्या तबल्या-मृदंगानं तेच काम शाईच्या थरावर सोपवलं आहे. शाईनं भारलेल्या पडद्यातून सुरेल उपस्वर कसे निघतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२०च्या सुमाराला दाखवून दिलं होतं. तालासोबत स्वरही शिकवायचा, तोही त्वचेतून, तर अशाच वाद्यापाशी जावं लागतं.

आता त्वचेची मर्यादाही सांगायला हवी. कोमल आणि शुद्ध ऋषभासारख्या लगतच्या दोन स्वरांच्या कंपनसंख्येत सुमारे सहा टक्क्यांचं अंतर असतं. सरावलेला कान त्याच्या कितीतरी पट बारीक फरक ओळखतो. त्वचेला मात्र साधारण वीस-तीस टक्के फरक पडल्याशिवाय दोन कंपनं वेगळी वाटत नाहीत. म्हणजे निव्वळ बोटाच्या टोकानं कोमल आणि शुद्ध ऋषभ वेगळे काढणं अवघड. ग्लेनीचं ऐकणं म्हणूनच अनेक धाग्यांचं आहे: कंपन, ते अंगात कुठे उमटलं ती जागा, थरथरणारा पडदा पाहणारे डोळे, स्मृती आणि उरलंसुरलं श्रवण. तीव्र कर्णबधिरत्व म्हणजे संपूर्ण शांतता नव्हे, हे तीही आवर्जून सांगते. तिला आवाज येतात, पण त्यातून शब्द उलगडत नाहीत, त्यासाठी ती ओठ वाचते. रंगमंचावर ती बहुधा अनवाणी वाजवते, कारण लाकडी जमिनीतून येणारं कंपन बुटाच्या तळव्यात विरून जातं.

आणि मेंदूचं काय? कानाकडून काहीच येत नसेल तर मेंदूतला श्रवणाचा भाग ओस पडतो का? फिनलंडमधल्या संशोधकांनी १९९८ साली जन्मतः बहिऱ्या असलेल्या एका प्रौढ व्यक्तीच्या हाताला कंपनं देऊन मेंदूतले चुंबकीय बदल मोजले. प्रतिसाद श्रवणाच्या भागातूनही आला. पुढे अमेरिकेत कर्णबधिर विद्यार्थ्यांच्या मेंदूची चित्रं घेतली गेली, त्यांतही हेच आढळलं. रिकामी राहिलेली जागा स्पर्शानं वापरायला घेतली होती.

मला यापेक्षाही भावतं ते जॉर्ज फॉन बेकेशी यांचं काम. आंतरकर्णातल्या कॉक्लियामध्ये, म्हणजे शंखासारख्या गुंडाळलेल्या नळीत, ध्वनीची लाट कशी पुढे सरकते हे उलगडल्याबद्दल त्यांना १९६१चं नोबेल मिळालं. त्यांनी कॉक्लियाची मोठी प्रतिकृती बनवली आणि तिच्यातली कंपनं ओळखण्यासाठी माणसाच्या हाताची कातडी वापरली. प्रतिकृतीवर हात ठेवला की स्वर बदलताच कंपनाची जागा हातावर पुढेमागे सरके. कॉक्लियातल्या केशपेशी, म्हणजे ध्वनी टिपणाऱ्या केसाळ पेशीही, शेवटी वाकल्या-हलल्यावरच संदेश पाठवतात. श्रवण हा स्पर्शाचाच एक तरबेज प्रकार आहे, असं ग्लेनी म्हणते ते शरीरशास्त्राला धरूनच आहे.

शाळा संपल्यावर तिनं लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिककडे अर्ज केला. वाजवणं ऐकूनही सुरुवातीला नकार आला. कारण काय, तर कर्णबधिर संगीतकाराचं पुढे काय होणार याची संस्थेला कल्पना करता येत नव्हती. ती मागे हटली नाही. माझ्या वादनात, समजेत, संगीतावरच्या प्रेमात काही उणं असेल तर नाकारा, पण कारण ते नसेल तर तुम्ही ज्यांना घेता त्यांना कशाच्या आधारावर घेता, असा तिचा सवाल होता. संस्थेनं पुन्हा परीक्षा घेतली आणि प्रवेश दिला. ग्लेनी सांगते त्याप्रमाणे या प्रकरणानंतर ब्रिटनमधल्या संगीत संस्थांचं धोरण बदललं: अपंगत्वाच्या कारणावरून अर्ज बाजूला ठेवायचा नाही, प्रत्येकाचं वादन आधी ऐकायचं. १९८५ साली ती पदवी घेऊन बाहेर पडली, एकल तालवादनावर पूर्णवेळ कारकीर्द उभी केली, २०१२च्या लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनात हजार वादकांच्या ताफ्याचं नेतृत्व केलं आणि २०१५मध्ये तिला पोलार संगीत पुरस्कार मिळाला. ‘बहिरी असूनही’ हे कौतुक तिला नको असतं. आपलं बहिरेपण हे आपल्या तपकिरी डोळ्यांइतकंच महत्त्वाचं, असं ती म्हणते. जगाला ऐकायला शिकवायचं, हे तिनं आपलं ध्येय ठरवलं आहे.

हे सारं आपल्याकडे आज जास्त निकडीचं झालं आहे. कर्णबधिर बाळांवर कॉक्लियर इम्प्लांटची, म्हणजे श्रवणाच्या नसेला थेट विजेचे संदेश देणारं यंत्र कानात बसवण्याची, शस्त्रक्रिया आता महाराष्ट्रातही होते, त्यासाठी सरकारी योजनांची मदत मिळते आणि ही मुलं घरात, शाळेत मराठी बोलताना दिसतात. साहजिकच काही पालक त्यांना गाण्याच्या किंवा तबल्याच्या क्लासला घेऊन येतात. इम्प्लांटमध्ये साधारण १२ ते २२ इलेक्ट्रोड असतात. निरोगी कानात मेंदूकडे संदेश नेणाऱ्या आतल्या केशपेशीच सुमारे ३,५०० असतात. एवढ्या थोड्या बिंदूंतून बोलणं कळतं, लयही छान कळते, पण स्वराची उंची धूसर राहते. अशा मुलाला पहिल्याच दिवशी हार्मोनियमच्या पट्टीवर ‘सा’ लावायला सांगितलं आणि तो लागला नाही म्हणून ‘याला सूर नाही’ असा शिक्का मारला, तर ती त्याची परीक्षा नव्हेच.

त्याला आधी लयीत येऊ द्यावं. आपल्या तालपद्धतीत समेवर टाळी आणि खालीला हात उलटा फिरवणं ही डोळ्यांनी दिसणारी भाषा पूर्वीपासून आहे, तिचा इथे पुरेपूर उपयोग होतो. गुरुजींनी बोल म्हणताना तोंड मुलाकडे ठेवावं, ओठ दिसले पाहिजेत. सतरंजी गुंडाळून ठेवावी आणि मुलाला लाकडी फळीवर अनवाणी बसवून तबला-डग्गा त्याच फळीवर मांडावा. डग्ग्याचा घुमारा त्वचेच्या पट्टीत नेमका बसतो. गुरुजी ठेका धरतील तेव्हा मुलाचा तळहात डग्ग्याच्या भांड्यावर असू द्यावा, आणि ‘धा’ कुठे जाणवला, ‘ती’ कुठे, हे त्यालाच विचारावं.