किरळ का लागते? पानांतल्या विषाची पार्श्वभूमी

पावसाने ओढ दिली की जाणते शेतकरी कोवळ्या ज्वारीच्या रानात गुरं शिरू देत नाहीत. पोंग्यातली ज्वारी किंवा कापणीनंतर बुडख्याला फुटलेले फुटवे खाल्ले तर ‘किरळ लागते’. जनावर धापा टाकतं, थरथरतं, कधी घटकाभरात दगावतं. तीच ज्वारी निसवली, म्हणजे कणीस बाहेर पडलं, की बहुतेक धोका टळतो. म्हणजे विष एकट्या जातीवर ठरत नाही. पिकाचं वय, पाणी आणि जमीनही ते ठरवतात. शास्त्राला इथवर यायला बराच वळसा पडला.

१९०२ मध्ये डन्स्टन आणि हेन्री या ब्रिटिश रसायनतज्ज्ञांनी कोवळ्या ज्वारीतून या विषामागचं द्रव्य वेगळं केलं. ज्वारीच्या ‘धुरा’ या अरबी नावावरून ते ‘धुरिन’ झालं. धुरिन आणि त्याला फोडणारं विकर (एन्झाइम) पानात वेगवेगळ्या जागी असतात. किडीने पान चावलं की दोन्ही एकत्र येतात आणि सायनाइड सुटतं. टोळ कोवळ्या ज्वारीला सहसा तोंड लावत नाहीत, त्यामागे हेही एक कारण आहे.

पण झाड असली द्रव्यं बनवतं तरी कशाला? जर्मनीत येना इथे एर्न्स्ट श्टाल यांनी १८८८ मध्येच गोगलगायींवर प्रयोग करून ‘बचावासाठी’ असं सांगितलं होतं. ते फारसं कुणी मनावर घेतलं नाही; ही द्रव्यं झाडाचा टाकाऊ माल, असाच समज बराच काळ राहिला. १९५९ मध्ये कीटकतज्ज्ञ गॉटफ्रीड फ्रँकेल यांनी ही द्रव्यं किडींना रोखण्यासाठीच आहेत असं ठासून मांडलं, तेव्हा कुठे वारं फिरलं.

मग प्रश्न आला परिस्थितीचा: कुठल्या जमिनीत झाड कुठलं द्रव्य बनवतं? १९८३ मध्ये अलास्कातल्या ब्रायंट, चेपिन आणि क्लाइन या संशोधकांनी एक सुटसुटीत हिशेब मांडला. जमिनीत नत्र कमी असेल तर वाढ अडते, पण ऊन खाऊन कार्बन जमतच राहतो. तो टॅनिनसारख्या तुरट, नत्र नसलेल्या द्रव्यांत जातो. नत्र भरपूर असेल तर नत्रयुक्त विषं वाढतात. धुरिनच्या रेणूत नत्र असतं आणि युरिया दिलेल्या ज्वारीत ते वाढतं, म्हणजे हिशेब जुळला! पण पुढे अनेक प्रयोगांत तो चुकत गेला आणि २००१ मध्ये तो सोडून द्यावा असं म्हणणारा लेखही आला. झाड म्हणजे उरलेला कार्बन ओतायची परात नव्हे, हे मलाही पटतं. काय बनवायचं हे बऱ्याच अंशी त्याची जनुकं ठरवतात.

फिलिस कोली यांनी ब्रायंट आणि चेपिन यांच्यासह १९८५ मध्ये मांडलेला विचार मला जास्त भक्कम वाटतो. निकस जमिनीत गेलेलं पान पुन्हा फुटायला महाग पडतं, म्हणून तिथे टिकलेली झाडं हळू वाढणारी, पण बचावावर जास्त खर्च करणारी असतात. याचा कस पेरूच्या ॲमेझॉन जंगलात लागला. पांढऱ्या वाळूत आणि चिकणमातीत वाढणाऱ्या वीस जातींची रोपं दोन्ही जमिनींत लावली, काहींवर किडींपासून बचावासाठी जाळी घातली. २००४ मध्ये निष्कर्ष आले. जाळीखाली चिकणमातीची रोपं वाळूतही वरचढ ठरली. जाळी नसलेल्या ठिकाणी मात्र वाळूत वाळूचीच रोपं पुढे गेली. कुठलं झाड कुठल्या जमिनीत टिकतं, ही हद्द नुसत्या मातीने आखली नव्हती. तिच्यात किडींचाही हात होता.

ज्वारीला पाण्याचा ताण बसला की वाढ थबकते आणि पानांत धुरिनचं प्रमाण वाढतं. म्हणून उघडिपीत गुरं रानाबाहेर ठेवायची. खोडमाशी मात्र या विषाला भीक घालत नाही. धुरिन सर्वांत जास्त असतं त्याच वयाच्या रोपात तिची अळी शिरते, वाढीचा कोंब कापते आणि पोंगेमर होते, म्हणजे मधला पोंगा सुकून जातो. पेरणी लांबली की तिचं अधिकच फावतं.