उकळत्या पाण्याआधीचा बर्फ : जिवंत शेवंडी-खेकड्यांच्या वादाची पार्श्वभूमी

खेकडा शेवटपर्यंत जिवंत का ठेवतात, हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको. खेकडे आणि शेवंडी (लॉब्स्टर) जिवंत उकळाव्यात का, हा युरोपातला वाद बरीच वर्षं एकाच प्रश्नाशी घुटमळला: पातेल्यात पडल्यावर त्याला कळतं का? २००५ मध्ये नॉर्वेतल्या तज्ज्ञांनी वेदनेची शक्यता कमी असल्याचं म्हटलं. पुढे बेलफास्टमधल्या प्रयोगांत सौम्य विजेचे झटके बसलेले संन्यासी खेकडे (रिकाम्या शंखात राहणारे) शंख सोडू लागले, पण आवडीचा शंख त्यांना लवकर सोडवेना. नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असती, तर असं तोलूनमापून वागणं कशाला?

खरी गुंतागुंत मात्र बर्फाची आहे. जून २०१७ मध्ये इटलीच्या सर्वोच्च न्यायालयापुढे फ्लॉरेन्सजवळच्या एका उपाहारगृहाचं प्रकरण होतं. तिथे नांग्या बांधलेल्या जिवंत शेवंडी बर्फावर ठेवलेल्या होत्या. मालकाला २,००० युरो दंड झाला. न्यायालयाचा तर्क विलक्षण होता: जिवंत उकळणं ही रूढ पद्धत म्हणून मान्य करता येईल, पण शिजेपर्यंतच्या वाट पाहण्यातले हाल त्या रूढीत बसत नाहीत, पाण्याच्या टाक्या वापरणारी इतर दुकानं आहेतच. उकळतं पाणी क्षम्य आणि बर्फ गुन्हा! निकालावर हसणारे पुष्कळ होते, पण मला तो पटतो. उकळणं काही मिनिटांत संपतं, बर्फावर तास जातात.

स्वित्झर्लंडने १ मार्च २०१८ पासून दोन्ही बंद केलं. आधी मागणी जिवंत शेवंडींच्या आयातबंदीची होती (समुद्रच नसलेल्या देशाला ते सोपंही गेलं असतं), पण सरकारला ती अतिरेकी वाटली. त्याऐवजी विजेचा झटका देऊन किंवा मेंदू नष्ट करून आधी बेशुद्ध करण्याची सक्ती आली, आणि बर्फावरून वाहतूक थांबली. १९९९ च्या कायद्यातच खेकड्यांना संरक्षण देणाऱ्या न्यूझीलंडमध्ये मात्र थंड करून बधिर करणं चालतं. गारठलेला जीव बेशुद्ध असतो की नुसता हलू शकत नाही, यावर अजून एकमत नाही. शिवाय थंड पाण्यातली अटलांटिक शेवंड आणि उष्ण खाडीतला खेकडा बर्फाला सारखेच बळी पडत नाहीत. सुरीने मारण्याचंही तसंच: शेवंडीची मज्जाकेंद्रं शरीरभर साखळीने पसरलेली, खेकड्याची मुख्य केंद्रं दोन, एका घावात काम होत नाही.

ब्रिटनमध्ये या जिवांच्या संवेदनेवरचे ३०० हून अधिक अभ्यास तपासणारा अहवाल २०२१ मध्ये आला आणि २०२२ च्या कायद्याने खेकडे, शेवंडी, कोळंबी यांना संवेदनशील मानलं. स्वयंपाकघरात त्याने लगेच काहीच बदललं नाही. जिवंत उकळणं स्वीकारार्ह नाही, असं इंग्लंडच्या सरकारी धोरणात यायला डिसेंबर २०२५ उजाडला.

भारताच्या १९६० च्या प्राणी-क्रूरता कायद्यात ‘प्राणी’ म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव, म्हणजे कुर्लीही (खेकडाही) आलीच. पण खाण्यासाठी मारण्याला सूट आहे. अट एवढीच की अनावश्यक वेदना नकोत. आपल्याकडे कुर्ली बहुधा पातेल्यापर्यंत अख्खी पोचतच नाही. बाजारात किंवा मोरीत तिच्या नांग्या आधीच मोडतात, आणि २०२१ च्या त्या अहवालाने हाल होत असल्याचं ठामपणे नोंदवलेल्या गोष्टींत जिवंतपणी नांग्या तोडणं आहे.