रेडिओची खरखर आणि दीड व्होल्टचा सेल

नौपाड्यात आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत बाबांचा रेडिओ असतो. दोन पेन्सिल सेलवर चालणारा, काटा कायम आकाशवाणी मुंबईच्या अस्मिता वाहिनीवर. सेल सारखे फेकावे लागतात म्हणून मी चार्ज होणारे लिथियमचे सेल आणले. पाकिटावर १.५ व्होल्ट, म्हणजे साध्या सेलइतकेच. ते घातले आणि बातम्यांच्या जागी नुसती खरखर. बाबा रेडिओ घेऊन गॅलरीपर्यंत जाऊन आले, खरखर तशीच. जुने सेल घातले, आवाज स्वच्छ.

दोष सेलच्या पोटात होता. लिथियम-आयनच्या रसायनातून साधारण ३.७ व्होल्ट मिळतात. ते दीडवर आणायला सेलमध्ये एक चिमुकलं सर्किट बसवतात. ते वीज सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद करतं आणि त्या उघडझापीतून रेडिओलहरी निसटतात. मिडियम वेव्हचा पट्टा ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ, अस्मिता वाहिनी ५५८ वर, म्हणजे या गोंधळाच्या अगदी वाटेत. त्यात रेडिओच्या आतला फेराइटचा (चुंबकीय दांडीचा) अँटेना सेलच्या कप्प्यापासून बोटभर अंतरावर! एफएमला हा त्रास फारसा होत नाही. मोबाइलचा चार्जर जवळ लावला की रेडिओ गुणगुणतो, तोही याच कुळातला.

रेडिओसाठी मला निकेल-मेटल हायड्राइडचे सेल सर्वांत योग्य वाटतात. त्यांच्यात सर्किट नाही, निव्वळ रसायन. पण त्यांच्यावर १.२ व्होल्ट लिहिलेलं असतं आणि लोक तिथेच बिचकतात. खरं तर अल्कलाइन सेलचा दीड व्होल्ट नवेपणापुरताच असतो. वापरता वापरता तो उतरत जातो, निम्म्या आयुष्यात १.२ च्या आसपास येतो, शेवटी एकच्याही खाली. चांगला रेडिओ हा उतार धरूनच बनवलेला असतो. निकेलवाला सेल मात्र जवळजवळ अखेरपर्यंत १.२ धरून ठेवतो आणि मग एकदम बसतो. आवाज हळूहळू खोल जाऊन सूचना मिळत नाही, तेवढी सवय करावी लागते. हिशेब सोपा आहे: सेल २००० मिलीअँपिअर-तासांचा आणि रेडिओ ४० मिलीअँपिअर घेत असेल, तर ५० तास.

पूर्वी हे सेल नुसते ठेवले तरी महिन्याभरात बरेच रिकामे व्हायचे. जपानच्या सान्योने २००५ साली ही गळती फार कमी असलेले सेल आणले आणि तक्रार जवळपास मिटली. घेताना तोच प्रकार मागून घ्यावा.

एक पथ्य मात्र कडक. भरलेल्या सेलसोबत अर्धा सेल घालायचा नाही. दोघे एकामागे एक जोडलेले असतात. कमजोर आधी संपतो, तरी दुसरा त्याच्यातून वीज ढकलत राहतो, आणि त्याची धन-ऋण टोकं उलटून तो कायमचा बिघडू शकतो. म्हणून बाबांनी मार्करने जोड्यांवर ‘क’ आणि ‘ख’ लिहून ठेवलंय. ‘क’ चार्जरवर असली की रेडिओत ‘ख’.