ड्रायस : झुडपाचे नाव, शीतकाळाचे नाव

ड्रायस ऑक्टोपेटला हे आर्क्टिक प्रदेशात आणि युरोपच्या उंच पर्वतांत, चुनखडीच्या जमिनीला बिलगून पसरणारे खुरटे सदाहरित झुडूप. १७५३ मध्ये त्याचे शास्त्रीय नामकरण झाले. पाने ओकसारखी कातरलेली म्हणून ग्रीक वृक्षदेवतेवरून ‘ड्रायस’. आणि गुलाबाच्या कुळात सहसा पाच पाकळ्या असताना याच्या पांढऱ्या फुलाला बहुधा आठ, म्हणून ‘ऑक्टोपेटला’. इथपर्यंत वाद नाही. गुंता झाला तो भूशास्त्राने हे नाव उचलल्यावर.

कोपनहेगनच्या उत्तरेस ॲलेरॉड येथील विटांसाठी माती काढण्याच्या खाणीत १९०१ मध्ये तीन थर नोंदले गेले : खाली ड्रायसची पाने असलेली चिकणमाती, मध्ये बर्चच्या अवशेषांचा सेंद्रिय गाळ आणि त्यावर पुन्हा ड्रायसची चिकणमाती. हवा उबदार होऊन झाडे आली आणि थंडीने ती पुन्हा हटवली, असा त्याचा अर्थ लावला गेला. वरच्या थराचा काळ तो ‘यंगर ड्रायस’. पुरावा पानांचा होता, हे विसरले जाते. जेमतेम एक-दोन सेंटिमीटरचे, जाड, कडा आत वळलेले आणि खालून पांढऱ्या लवेचे हे पान गाळात टिकते. परागण मात्र कीटकांकरवी होत असल्याने परागकण थोडेच सापडतात. त्यामुळे पुढे परागकण मोजून कालखंड पाडण्याची पद्धत रुळली, तेव्हा ज्याच्या नावाने कालखंड ओळखला जाई ते झुडूपच मोजणीत नगण्य ठरले.

एकाच शब्दाने मातीचा थर, वनस्पतींचा पट्टा आणि कालखंड असे तिन्ही अर्थ सांगण्याची सवय तिथूनच लागली. आज यंगर ड्रायस म्हणजे सुमारे १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वीचा काळ. तो जगभरच्या थंडीचा काळ म्हणून सर्रास सांगितला जातो, ते मात्र अतिव्याप्त आहे, कारण त्याच शतकांत अंटार्क्टिकाचे तापमान वाढत होते. अरबी समुद्राच्या तळातील गाळात याच सुमारास मोसमी पाऊस क्षीण झाल्याच्या खुणा मिळतात, पण त्यालाही थंडी म्हणता येणार नाही.

कारणांबाबत, वितळलेल्या हिमस्तरांच्या गोड्या पाण्याने अटलांटिकचे उष्णता उत्तरेकडे नेणारे प्रवाह मंदावले, हा विचार बराच काळ मान्य आहे. २००७ पासून मांडला जाणारा उल्कापाताचा दावा अजून वादातच आहे. २००८ मध्ये होलोसीनच्या, म्हणजे सध्याच्या भूशास्त्रीय काळाच्या, सुरुवातीची आणि म्हणून यंगर ड्रायसच्या शेवटाची अधिकृत सीमा ठरली ती ग्रीनलंडच्या बर्फात खोल छिद्र पाडून काढलेल्या गाभ्यावर. तिथे पानांचा प्रश्नच नव्हता. आज ‘ग्रीनलंड स्टेडियल-१’ (स्टेडियल म्हणजे थंड टप्पा) हे क्रमांकाचे नाव आणि झुडपाचे नाव, दोन्ही शोधनिबंधांत शेजारी शेजारी छापली जातात.