चाचणी उपकरणाचा सिस्टीम बॅकअप व नेटवर्क सेटिंग

ऑसिलोस्कोप (सिग्नलचा आलेख पडद्यावर काढणारे), स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझर (सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी दाखवणारे) यांसारखी आजची चाचणी उपकरणे आतून संगणकच असतात. मोठ्या उपकरणांत बहुधा विंडोज असते आणि मोजणीचे सॉफ्टवेअर तिच्यावर चालते. या सगळ्याची प्रत काढून ठेवणे, बिघाडानंतर ती परत चढवणे आणि उपकरणाचा लॅनवरचा (आतल्या नेटवर्कवरचा) पत्ता सांभाळणे ही कामे एकमेकांत गुंतलेली आहेत. जुनी इमेज, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत, चढवली की तिच्याबरोबर जुना पत्ताही परत येतो.

बॅकअप म्हणून तीन निराळ्या गोष्टी ओळखल्या जातात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. ‘सेव्ह’ बटणाने साठते ती केवळ पडद्यावरची मांडणी : टाइमबेस, ट्रिगर, चॅनेलचे व्होल्ट. दुसरी गोष्ट कॅलिब्रेशनचा (मोजणी अचूक करणाऱ्या जुळवणीचा) डेटा व लायसन्स. काही उपकरणांत हा डेटा बोर्डावरच्या मेमरीत असतो, काहींत हार्ड डिस्कवर. आपल्या उपकरणात तो कुठे आहे हे मॅन्युअल उघडून आधीच पाहावे. तिसरी म्हणजे पूर्ण डिस्कची इमेज. डिस्क मेली तर तीच उपयोगी पडते. अनेक उपकरणांत कारखान्यातूनच रिकव्हरी पार्टिशन (डिस्कचा राखीव भाग) येते आणि त्यावर लोक निर्धास्त राहतात. पण ते त्याच डिस्कवर असते. डिस्क गेली की तेही गेले. शिवाय त्यातून उपकरण खरेदीच्या दिवशीच्या स्थितीला जाते, मधल्या वर्षांत टाकलेले अपडेट पुसले जातात.

कोकणात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. खारी, दमट हवा कनेक्टरवर हिरवट थर चढवते. वळवाच्या पावसात लाइट वारंवार जाते, आणि डिस्कवर लिहिणे चालू असताना वीज गेली तर फाइल सिस्टीम बिघडू शकते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगडच्या किनाऱ्यावर विजेचे खांब आडवे केले. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले. तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत उपकरण आणि त्याची प्रत एकाच कपाटात असेल, तर अशा दिवशी दोन्ही एकदमच जातात.

म्हणून इमेज मे महिन्यातच, पाऊस लागण्यापूर्वी काढावी, आणि यूपीएस जोडूनच. पेनड्राइव्ह एफएटी-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही. इमेजचे तुकडे करावे लागतात किंवा एनटीएफएस ही दुसरी पद्धत वापरावी लागते. फाइलच्या नावात उपकरणाचा सिरीयल नंबर, फर्मवेअरची (उपकरणातल्या मूळ सॉफ्टवेअरची) आवृत्ती आणि तारीख हवीच. एका उपकरणाची इमेज त्याच मॉडेलच्या दुसऱ्या उपकरणावर चढवली, तर लायसन्स नाकारले जाऊ शकते. त्याहून वाईट म्हणजे परक्या कॅलिब्रेशनवर मोजणी बिनतक्रार चालू राहते. एक प्रत सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात वरच्या मजल्यावर ठेवावी, दुसरी घाटावर कुणाकडे तरी.

लॅनवरील उपकरणांसाठी एलएक्सआय हे मानक २००५ मध्ये आले. त्यानुसार उपकरण आधी डीएचसीपीकडे, म्हणजे नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या सेवेकडे, पत्ता मागते. उत्तर आले नाही तर १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेते. लाइट परत आल्यावर हे नेहमी दिसते : राउटर अजून उठायचा असतो, उपकरण आधी उठते आणि पडद्यावर १६९.२५४ झळकते. संगणकावरचा प्रोग्राम मग जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतो. लहान प्रयोगशाळेत यावर सरळ उपाय म्हणजे डीएचसीपीच्या पट्ट्याबाहेरचा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२०१ असा, स्थिर पत्ता देणे आणि तो उपकरणाच्या पाठीवर चिकटपट्टीने लावणे. पत्ता हरवलाच तर लॅन रिसेट करता येते. मात्र त्याने पासवर्डही मूळच्या ठिकाणी जातो, हे ध्यानात ठेवावे.

जुनी विंडोज असलेले उपकरण इंटरनेटला जोडू नये. मे २०१७ मधला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस ज्या एसएमबी-१मधून पसरला, तेच फाइल शेअरिंग विंडोज एक्सपीवरची उपकरणे वापरतात. नव्या विंडोजमध्ये ते मुळात बंद असते, त्यामुळे नव्या लॅपटॉपवरून उपकरणाचा फोल्डर उघडत नाही. ते मुद्दाम चालू करण्यापेक्षा फाइल यूएसबीने न्यावी आणि उपकरणांना वेगळा नेटवर्क स्विच द्यावा.

इमेज परत चढवल्यावर आधी नेटवर्क केबल काढून उपकरण चालू करावे. तो जुना पत्ता दरम्यान दुसऱ्या कुणाला दिलेला असेल तर दोघांची टक्कर होते. पत्ता तपासून केबल लावावी, ‘*आयडीएन?’ ही ओळख विचारणारी आज्ञा पाठवून सिरीयल नंबर व फर्मवेअर जुळवावे. अर्धा तास उपकरण तापू द्यावे, सेल्फ-कॅलिब्रेशन चालवावे आणि ऑसिलोस्कोपच्या पुढच्या पट्टीवरच्या प्रोब-कॉम्पेन्सेशन टोकाला प्रोब (मोजणीची तार) लावावा. बहुतेक ऑसिलोस्कोपवर तिथे १ किलोहर्ट्झचा चौकोनी सिग्नल मिळतो, तो नीट दिसतो का हे पाहावे.